उटण्याला परवाना मिळाला, साबण अडला

सातारा जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाचं हे प्रकरण. गटाच्या विनंतीवरून गावाचं आणि बायकांचं नाव देत नाही. छोट्या सौंदर्यप्रसाधन उत्पादकांची परवान्याची कागदपत्रं तयार करून देणं हे माझं काम. त्यामुळे ‘घरगुती आहे, नैसर्गिक आहे, मग परवाना कशाला?’ हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. या गटाच्या बाबतीत एकाच कायद्याने एका वस्तूला वाट दिली आणि दुसरीला अडवलं. हे का झालं ते सविस्तर मांडलं, तर गावोगावी उटणं, तेल, साबण करणाऱ्या बायकांना पुढे काय येणार याचा अंदाज येईल.

गटाची सुरुवात दिवाळीच्या उटण्याने झाली. नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल, मसूर डाळ, मुलतानी माती आणि बावची. कृती अध्यक्षबाईंच्या सासूकडून आलेली. पुड्या आधी गावात, मग पंचायत समितीच्या स्टॉलवर, मग साताऱ्यात ओळखीच्या घरांत जाऊ लागल्या. पुढे एका प्रशिक्षणात साबण करायला शिकल्या आणि खोबरेल तेलाचा, कडुनिंबाचा पाला घातलेला साबणही विकायला लागल्या. दोन्हीला मागणी होती. पुण्यातल्या एका दुकानाने दिवाळीसाठी मोठी ऑर्डर देऊ केली. अट एकच होती, वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा.

अध्यक्षबाईंनी माझ्यापुढे पिशवी उपडी केली. उद्यम नोंदणी, गुमास्ता, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक. ‘एवढी कागदं हायत की साहेब, आता आणि काय पाहिजे?’ ही समजूत फार जणांची असते. उद्यम नोंदणी म्हणजे तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असल्याची नोंद. अंगाला लावायची वस्तू विकण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

ती परवानगी येते औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० या कायद्यातून. मूळ कायदा फक्त औषधांचा होता, सौंदर्यप्रसाधनं त्यात १९६२ च्या दुरुस्तीने आली. व्याख्या अशी विस्तृत आहे की शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुंदर दिसण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची किंवा फवारायची कोणतीही वस्तू तिच्यात बसते. साबण आधी या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट काढली गेली. वस्तू हाताने केली की यंत्राने, रसायनांची की झाडपाल्याची, वर्षाला शंभर नग की लाख, यातल्या कशावरही व्याख्या अवलंबून नाही. कलम १८ नुसार परवान्याशिवाय विक्रीसाठी उत्पादन करता येत नाही. कलम २७ अ मध्ये त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. भेसळीच्या किंवा बनावट मालाला तीन वर्षांपर्यंत. बायकांना हे सांगितलं तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

या कायद्याची गरज मला पूर्णपणे पटते. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याचं प्रकरण गाजलं होतं. कारण निघालं गोरं होण्यासाठी लावलेलं क्रीम, त्यात पारा होता. डबीवर धड लेबल नसेल तर डॉक्टरांना कारण शोधायलाच वेळ लागतो, आणि तोवर क्रीम लावणं चालूच राहतं. ते क्रीम काही या बायकांनी केलं नव्हतं. पण लेबल नसलेली डबी घरात येते तेव्हा ती कोणत्या हातांनी केली हे घेणाऱ्याला कळत नाही. ते कळावं यासाठीच परवाना क्रमांक असतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत तर मला सगळ्यात घातक वाटते. गटाच्या उटण्यातली बावचीच घ्या. बावचीत सोरॅलेन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेवर राहिलं आणि वर ऊन लागलं, तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात, नंतर काळे डाग राहतात. याच गुणामुळे कोडावरच्या उपचारात वैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ त्याचा वापर मोजूनमापून करतात. अभ्यंगस्नान पहाटे होतं, उटणं धुऊनही जातं, त्यामुळे पूर्वी फारसं काही झालं नसेल. पण तीच पुडी वर्षभर ‘फेस पॅक’ म्हणून विकली आणि एखाद्या मुलीने ती लावून दुपारी गाडीवर प्रवास केला, तर? मी बावची काढा म्हणालो. सासूबाईंना ते पटेना. ‘आमच्या तीन पिढ्यांनी लावलंय, कुणाला काय झालं नाही.’ शेवटी त्यांच्या सूनबाईंनीच त्यांना समजावलं, ‘आई, घरात लावणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकलेलं कोण कसं लावंल, आपल्याला काय ठाऊक?’ यापेक्षा नीट मलाही सांगता आलं नसतं. बावची निघाली.

आता परवान्याचं. सध्या लागू आहेत ते १५ डिसेंबर २०२० ला अधिसूचित झालेले सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०. त्याआधी सौंदर्यप्रसाधनांच्या तरतुदी १९४५ च्या औषध नियमांत होत्या आणि कारखान्याच्या जागेचे निकष शेड्यूल एम-२ मध्ये. नव्या नियमांत फॉर्म बदलले. अर्ज कॉस-५ मध्ये करायचा, परवाना कॉस-८ मध्ये मिळतो. जागेचा आणि यंत्रांचा साचा मात्र जवळपास जुनाच राहिला, तो आता सातव्या परिशिष्टात आहे. हा साचा वस्तूच्या प्रकाराप्रमाणे लिहिलेला आहे. पावडरींना काय लागेल, क्रीम आणि केसांच्या तेलाला काय, लिपस्टिकला काय, साबणाला काय.

उटणं पावडरींच्या वर्गात, फेस पॅक आणि मास्कच्या शेजारी बसलं. त्याला शिफारस केलेलं क्षेत्र १५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १६० चौरस फूट. पावडर मिसळण्याचं यंत्र, चाळण्या, दळण्याचं साधन, स्टीलचे ट्रे आणि डाव, भरण्याची आणि बंद करण्याची सोय, धूळ ओढणारा पंखा. हे सगळं गटाच्या आवाक्यातलं होतं. खरी अडचण जागेची. जिथे उत्पादन होतं ती जागा राहण्यासाठी वापरायची नाही आणि राहत्या घराला आतून जोडलेलीही नको, असा नियम आहे. उटणं तोवर अध्यक्षबाईंच्या माजघरात व्हायचं. अंगणापलीकडे त्यांचा जुना गोठा रिकामा होता. त्याला फरशी घातली, सहा फुटांपर्यंत भिंतींना गुळगुळीत, धुता येणारा गिलावा केला, खिडक्यांना जाळ्या लावल्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि ना हरकत दाखला जोडला. खर्च झाला, पण गटाच्या बचतीतून आणि थोड्या कर्जातून तो पेलला.

तांत्रिक व्यक्तीची अट ऐकून बायका हबकल्या होत्या. त्यांना वाटलं, फार्मसिस्ट ठेवायचा म्हणजे महिन्याचा पगार आला. पण नियमात तीन पर्याय आहेत आणि त्यातला एक रसायनशास्त्र विषय घेऊन बारावी उत्तीर्ण असलेल्या व्यक्तीचा. अध्यक्षबाई अडखळत म्हणाल्या, ‘आमची सून बारावी सायन्स हाय, चालंल का?’ चाललं. लग्नानंतर पेटीत पडून राहिलेली तिची गुणपत्रिका अर्जाला जोडली गेली. गावागावांत अशा बारावी सायन्स झालेल्या सुना आहेत, हे मी प्रत्येक गटाला आवर्जून सांगतो.

पहिला नमुना प्रयोगशाळेत नापास झाला. जंतूंची संख्या मर्यादेपेक्षा जास्त आली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. नागरमोथा म्हणजे जमिनीतला कंद, त्याला माती चिकटलेली असते. वाळा म्हणजे मुळं, तीच गत. दोन्ही अंगणात साडीवर पसरून वाळवायच्या. तिथेच कोंबड्या, तिथेच धूळ. मग क्रम बदलला. कंद दोन पाण्यांनी धुवायचे, पातळ चकत्या करायच्या, छपराखाली जाळीच्या मांडणीवर वाळवायच्या, मोडताना कटकन आवाज आल्याशिवाय दळायला घ्यायच्या नाहीत. दळल्यावर ओलावा तपासायचा. पुढचा नमुना पास झाला. नियमाने इथे जे सुधारून घेतलं, ते गटाला एरवी कोणीच सांगितलं नसतं. आज त्यांच्याकडे प्रत्येक घाण्याची वही आहे. कोणता माल कुठून आला, कधी वाळवला, कधी दळला, कोणत्या पुड्यांत गेला. एखादीने तक्रार केली तर त्या घाण्यापर्यंत मागे जाता येतं.

लेबलवर थोडी ओढाताण झाली. जुन्या पुडीवर ‘पिंपल्स व वांग कायमचे घालवते’ असं छापलं होतं. रोग बरा करण्याचा दावा केला की वस्तू प्रसाधन राहत नाही, औषध ठरते आणि वेगळ्याच परवान्याच्या कक्षेत जाते. ती ओळ गेली. घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच, वापरण्याची मुदत, निव्वळ वजन, किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन, हे सगळं आलं.

मधेच कोणीतरी सल्ला दिला होता की उटणं आयुर्वेदिक म्हणून नोंदवा, सोपं जाईल. सोपं मुळीच नाही. आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्याला शेड्यूल टी लागू होतं. त्यात किमान १२०० चौरस फुटांचं आच्छादित क्षेत्र लागतं आणि आयुर्वेदातली ठरलेली पात्रता असलेली तांत्रिक व्यक्ती पूर्णवेळ लागते. हा सल्ला ऐकून पैसे घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

उटण्याला परवाना मिळाला. परवान्याला मुदत नाही, दर पाच वर्षांनी तो चालू ठेवण्याचं शुल्क भरायचं. दिवाळीच्या आधी माल पुण्याला गेला.

साबणाचं गाडं मात्र तिथेच रुतलं.

परिशिष्टात अंघोळीच्या साबणासाठी काय काय लिहिलंय ते वाचलं की अडचण लगेच दिसते. साबण शिजवायच्या कढया, बॉयलर किंवा तापवण्याची सोय, ढवळण्याची सोय, साठवणीच्या टाक्या किंवा ट्रे, ड्रायर, साबणाचे पातळ काप करणारं यंत्र, मिक्सर, तीन रोलरची गिरणी, ग्रॅन्युलेटर, प्लॉडर (साबण दाबून त्याची लांब पट्टी काढणारं यंत्र), कटर आणि ठसा मारायचं यंत्र. आणि जागा? लहान प्रमाणावरच्या उत्पादनासाठीही किमान १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०७५ चौरस फूट. गोठा त्याच्या पावपट नाही. ही यादी ज्याने लिहिली त्याच्या डोळ्यांपुढे साबणाचा कारखाना होता. तिथे साबण उकळतात, वाळवतात, त्याच्या शेवया करतात, त्यात रंग-वास घालून दाबतात आणि वड्या पाडतात.

या बायकांचा साबण त्या पद्धतीने होतच नाही. त्यांची पद्धत थंड प्रक्रियेची. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवायचा, तो निवू द्यायचा, तेलात ओतून घट्ट होईपर्यंत ढवळायचा, साच्यात ओतायचा, दुसऱ्या दिवशी कापायचा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर ठेवायचा. उकळणं नाही, रोलर नाही, प्लॉडर तर नाहीच. त्यातलं ग्लिसरीनही आतच राहतं. या पद्धतीला एका भांड्याची, एका ढवळणीची, साच्यांची आणि मांडणीची गरज आहे. बाकीची यंत्रं आणली तरी ती नुसती उभी राहतील.

म्हणजे या साबणात धोका नाही का? आहे, आणि तो नेमका कुठे आहे ते मी गटाच्या तराजूवर पाहिलं. एक किलो खोबरेल तेलाला पूर्ण साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. वडीत मोकळं कॉस्टिक उरू नये म्हणून कारागीर ते पाच टक्के कमी घालतात, म्हणजे साधारण ९ ग्रॅमची राखीव जागा ठेवतात. गटाचा तराजू होता किराणा दुकानातला, दहा-दहा ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा. ९ ग्रॅमची राखीव जागा आणि १० ग्रॅमचा टप्पा! एका चुकीच्या मापात सगळी सुरक्षितता संपते, आणि वडी हाताला चुरचुरते, लहान मुलाच्या अंगाची आग करते. शिवाय कॉस्टिक पाण्यात घालताना द्रावण उकळत्या पाण्याच्या जवळपास तापतं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. बायका हे साडीचा पदर नाकाला लावून करत होत्या.

एका ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा तराजू, चष्मे, मोजे, प्रत्येक घाण्याची नोंद आणि बाजारात जाण्याआधी मोकळ्या अल्कलीची, म्हणजे वडीत उरलेल्या कॉस्टिकची चाचणी, एवढ्याने या साबणाचा खरा धोका आवरतो. यातलं कशालाही १०० चौरस मीटर लागत नाही. पण अर्जाच्या पहिल्या पायरीवर प्रश्न येतो जागेचा आणि यंत्रांचा.

परिशिष्टात एक खिडकी आहे. उत्पादनाचं स्वरूप आणि व्याप्ती पाहून परवाना अधिकारी या अपेक्षा शिथिल करू शकतो किंवा बदलू शकतो. आम्ही तिचाच आधार घेतला, प्रक्रिया लिहून दिली, कोणतं यंत्र का लागत नाही ते एकेक करून मांडलं. पाहणीला आलेले अधिकारी समजूतदार होते, गोठ्यातली स्वच्छता पाहून त्यांनी कौतुकही केलं. पण सूट देताना ती स्वतःच्या सहीवर द्यावी लागते. उद्या कोणाच्या अंगावर पुरळ उठलं तर कोणत्या आधारावर सूट दिली, हे त्यांनाच विचारलं जाणार. थंड प्रक्रियेसाठी वेगळा लिखित निकष असता तर ती सही करणं सोपं गेलं असतं. तो नाही. अर्ज मोठ्या जागेसह पुन्हा करा, असं सांगितलं गेलं. मला त्या माणसाचा राग आला नाही, पण नियमाच्या या पोकळीचं फार वाईट वाटलं.

दुसरा मार्ग होता परवानाधारक कारखान्याकडून साबण करून घ्यायचा. बाजारातले कितीतरी ‘हँडमेड’ म्हणवणारे ब्रँड हेच करतात. आम्ही चौकशी केली. कारखाना तयार सोप नूडल्सपासून, म्हणजे साबणाच्या शेवयांपासून, किंवा वितळवून ओतायच्या तयार बेसपासून वड्या देणार, कमीत कमी ऑर्डर गटाच्या वर्षभराच्या विक्रीपेक्षा जास्त, आणि बायकांच्या हाताला काम उरणार फक्त कागद गुंडाळायचं. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘मग त्यात आमचं काय राहिलं?’ तो विषय तिथेच थांबला.

इतर ठिकाणी हा प्रश्न कसा हाताळला जातो, ते पाहण्यासारखं आहे. युरोपीय संघाचा १२२३/२००९ हा नियम ११ जुलै २०१३ पासून लागू आहे आणि त्यात छोट्यांना कसलीही सूट नाही. प्रत्येक वस्तूसाठी सुरक्षितता अहवाल लागतो, त्यावर औषधनिर्माण, विषशास्त्र, वैद्यक किंवा तत्सम पदवी असलेल्या तज्ज्ञाची सही लागते, आणि वस्तूची सगळी फाइल शेवटच्या बॅचनंतर दहा वर्षं जपावी लागते. छोट्यांना याचा भार होतो. नवा सुगंध घातला की नवा अहवाल, नवा खर्च. पण तिथला पहिला प्रश्न वडीबद्दल असतो, खोलीच्या चौरस मीटरांबद्दल नसतो. अमेरिकेने २९ डिसेंबर २०२२ ला सही झालेल्या मोक्रा, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांच्या नियमनाच्या नव्या कायद्यात दुसरी वाट घेतली. मागच्या तीन वर्षांची सरासरी विक्री दहा लाख डॉलरांखाली असेल, तर कारखाना नोंदणी, वस्तूंची नोंदणी आणि उत्पादन पद्धतींचे नियम यांतून सूट. डोळ्यांना लागणाऱ्या वस्तूंना मात्र ही सूट नाही, आणि वस्तू सुरक्षित असल्याचा आधार जवळ ठेवण्यातून कोणालाच नाही. गंभीर त्रासाची तक्रार आली तर ती कामकाजाच्या १५ दिवसांत कळवावीच लागते. निव्वळ तेल आणि अल्कलीचा, फक्त साबण म्हणून विकलेला साबण तर तिथे प्रसाधनांच्या कायद्यातच येत नाही.

मला अमेरिकेसारखी सरसकट सूट आपल्याकडे नको आहे. बावचीचं आणि दहा ग्रॅमच्या तराजूचं पाहिल्यावर तर नकोच. माझं म्हणणं एवढंच आहे की छोट्या उत्पादकाला सुरक्षिततेतून सवलत देऊ नका, कारखान्याच्या आकारातून द्या. सातव्या परिशिष्टात थंड प्रक्रियेच्या साबणाचा वेगळा परिच्छेद घाला. त्यात अचूक तराजू, कॉस्टिकची कुलूपबंद साठवण, डोळ्यांचं संरक्षण, वडी मुरवण्याचा किमान काळ, घाण्याची वही आणि प्रत्येक घाण्याची अल्कली चाचणी सक्तीची करा. क्षेत्र २५ चौरस मीटर ठेवा, क्रीम आणि केसांच्या तेलाला आहे तेवढं. क्रीममध्ये पाणी असतं, जंतू वाढतात, त्याचा धोका साबणापेक्षा जास्त. तरी त्याला २५ आणि साबणाला १००, याचं सुरक्षिततेच्या भाषेत काहीच उत्तर नाही.

मानकांचाही प्रश्न पुढे येईलच. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८८८ प्रमाणे अंघोळीच्या साबणाच्या तीन प्रती (ग्रेड) आहेत, त्यात एकूण मेदद्रव्य, म्हणजे तेल-चरबीचा अंश, अनुक्रमे किमान ७६, ७० आणि ६० टक्के लागतं. ग्लिसरीन आणि पाणी आत राहिलेली थंड प्रक्रियेची वडी पहिल्या प्रतीत बसणं अवघड. ‘बेदिंग बार’चं मानक वेगळं आहे, त्याला ४० टक्के पुरतात. लेबलवर काय लिहायचं हे त्यामुळे आधीच ठरवावं लागतं. गटाच्या वडीसाठी आम्ही ‘बेदिंग बार’ धरून चाललो आहोत.

सध्या परिस्थिती अशी आहे. साबणाची विक्री गटाने पूर्ण बंद केली आहे, घरापुरता करतात. तालुक्यातले आणखी दोन गट साबण करणारे आहेत, त्यांचीही हीच अडचण. तिन्ही गटांनी मिळून एक जुनं धान्याचं गोदाम भाड्याने घेण्याची बोलणी चालू आहेत. त्याचं क्षेत्र १०० चौरस मीटरच्या वर आहे. एका गटाने तिथे मूळ परवाना घ्यायचा आणि बाकीच्या दोघांनी त्याच जागेवर लोन लायसन्स, म्हणजे दुसऱ्याच्या परवाना असलेल्या जागेत स्वतःचा माल करण्याचा परवाना. त्याचा अर्ज कॉस-६ मध्ये आणि परवाना कॉस-९ मध्ये. कायद्यात ही सोय आधीपासून आहे, छोटे उत्पादक ती फारशी वापरत नाहीत. यंत्रांच्या यादीसाठी शिथिलतेचा अर्ज पुन्हा करावाच लागेल. या वेळी त्याला मागच्या पाहणीचा अहवाल, प्रक्रियेचा आराखडा आणि प्रयोगशाळेचे निकाल जोडणार आहोत. तराजू आणि चष्मे मात्र परवान्याची वाट न पाहता आले आहेत.